‘ढ’ कोण?

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि त्यांच्या पाठोपाठ पावसाची झड लागते. दप्तरे भिजतात, मुलांची नाके वाहू लागतात, आणि ‘पोरांना सर्दी व्हायचीच’ असे म्हणून घरोघरी तिची बोळवण होते. सर्दी बहुधा आठवड्याभरात जातेही. परंतु कित्येक मुलांच्या बाबतीत ती जाताना मागे जे ठेवून जाते, त्याकडे ना पालकांचे लक्ष, ना शिक्षकांचे, ना शाळांची देखरेख करणाऱ्या महापालिकेचे. आज आम्हांस त्याविषयीच लिहावयाचे आहे.

नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या अंगास एक मऊ मांसल गादी असते. डॉक्टर तिला अ‍ॅडिनॉइड म्हणतात. घशातल्या टॉन्सिलची ती सख्खी बहीण. मात्र तोंड उघडून पाहिले तरी ती दिसत नाही. श्वासाबरोबर आत येणाऱ्या जंतूंशी झुंजणे हे तिचे काम. साधारण तीन ते सात या वयात ती मोठी असते व पुढे कुमारवयात आपोआप आक्रसते. तिच्या दोन्ही बाजूंस मध्यकर्णाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांची तोंडे आहेत. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाची यांचे नाव या नळीस मिळाले आहे. कानाच्या पडद्यामागे हवा खेळती ठेवावयाची, हे तिचे कार्य. मोठ्या माणसात ही नळी लांब व उतरती असते. मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी. वारंवारच्या सर्दीने गादी सुजली, अथवा तिच्यात जंतूंनी ठाण मांडले, की नळी नीट चालेनाशी होते. पडद्यामागची हवा शोषली जाते आणि तिच्या जागी पाणी साठते. काही काळाने ते डिंकासारखे चिकट होते. हलावयाचा पडदा मग नीट हलत नाही.

यातली खरी फसगत अशी की, दुखत काहीच नाही. कान ठणकला तर मूल रडते, आई रात्रभर जागते, सकाळी डॉक्टर गाठला जातो. येथे ठणका नाही, ताप नाही, कान वाहणेही नाही. मुलाला केवळ कमी ऐकू येते. तेही आज कमी, उद्या बरे. दोन्ही कानांत बोटे घालून समोरच्याचे बोलणे ऐकावे, साधारण तसे. महिनोन् महिने असेच ऐकत आलेल्या पाच वर्षांच्या मुलाने ‘मला कमी ऐकू येते’ अशी तक्रार करावी तरी कशी? जगाचा आवाज एवढाच असतो, अशीच त्याची समजूत.

या पत्राच्या कचेरीत येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे खडू हाती धरला होता. त्या काळातील एक मुलगा आम्हांस अजून आठवतो. तोंड सदा उघडे, बोलणे गेंगाणे. फळ्यावरचे उतरवून घेताना त्याची एक वेलांटी चुकत नसे; श्रुतलेखनात मात्र ‘सात’ सांगावे तर हा ‘साठ’ लिही. उन्हाळ्यात बरा चाले, पावसाळ्यात बिघडे. मनात आणले तर जमते, याचा अर्थ हा लबाड आहे, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि त्यास शेवटच्या बाकावर धाडले. ‘गुरुजी, घरीसुद्धा तो सारखा काय काय करतो हो,’ असे त्याची आई एकदा सांगू लागली. आम्ही तिलाच चार शब्द सुनावले. पुढे शाळेत तपासणीस आलेल्या एका डॉक्टरांनी त्याच्या कानात यंत्राने पाहिले, त्याला इस्पितळात पाठविले, तेथे शस्त्रक्रिया झाली. दिवाळीनंतर तो मुलगा पहिल्या बाकावर बसून आमच्या प्रश्नांची उत्तरे देऊ लागला. त्या वर्गात ढ कोण होते, हे आम्हांस तेव्हा कळले. त्याच्या आईकडे जाऊन तसे सांगण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

आणि हे ज्ञान काही नवे नाही. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी या वाढलेल्या गादीचा, बंद नाकाचा आणि मंद श्रवणाचा संबंध १८६८ मध्येच दाखवून दिला होता. पडद्यात बसवावयाची इवलीशी नळी, जिला ग्रॉमेट म्हणतात, ती १९५४ पासून पुन्हा प्रचारात आली. उपाय आहेत, रोग कोणाला आहे हे शोधणारे डोळे नाहीत.

उपचारांविषयी येथे दोन शब्द स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे, कारण आपल्याकडे चाकूची भीतीही अवास्तव आणि काही ठिकाणी चाकूची घाईही अवास्तव. बहुसंख्य मुलांच्या कानातील हे पाणी तीन महिन्यांत आपले आपण ओसरते. म्हणून प्रथम श्रवण मोजावे, थांबावे, पुन्हा मोजावे. या अवधीत सर्दीच्या गोळ्या व प्रतिजैविके यांचा मारा केल्याने पाणी लवकर हटत नाही. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी आणि ऐकणे कमी, असे असेल तर ग्रॉमेट, व मूल चार वर्षांहून मोठे असल्यास बहुधा त्याच वेळी अ‍ॅडिनॉइड काढणे, याचा विचार कानाच्या तज्ज्ञाने करावा. ग्रॉमेट पुढे आपोआप गळून पडते. मूल रात्री घोरत असेल, झोपेत मध्येच श्वास अडखळत असेल, तर मात्र थांबू नये. मुलाजवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्या वडिलांनी ती बंद करावी, कारण तो धूरही या रोगाला हातभार लावतो. कानात कोमट तेल घालण्याची आपली जुनी चाल पडद्यामागच्या पाण्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि पडदा फुटून कान वाहत असेल तर ती घातकच.

आता सरकारी बाजू पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याच्या यादीत मध्यकर्णाचा दाह स्पष्टपणे नमूद आहे. पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा जावे, अशी योजना. कागदावर यात खोट काढावी असे फारसे नाही. परंतु ज्याचे श्रवण दर पंधरवड्याला बदलते त्याची वर्षातून एकदा, तीही शेकडो मुलांच्या गलक्यात, वजन-उंची मोजता मोजता तपासणी व्हावयाची! उन्हाळ्याच्या तोंडावर पथक आले, तर आमचा तो विद्यार्थी त्यांच्या तपासणीतून सहीसलामत ‘निरोगी’ म्हणून बाहेर पडला असता. खासगी विनाअनुदानित शाळांतील मुले तर या योजनेच्या कक्षेतच नाहीत. भरमसाट शुल्क घेणाऱ्या त्या शाळांच्या माहितीपत्रकांत घोडेस्वारी असते. श्रवणमापनाचे यंत्र असल्याचे आमच्या तरी वाचनात आलेले नाही.

महापालिकेकडे आमची मागणी मोठी नाही. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे श्रवण शांत खोलीत, यंत्राने मोजले जावे, आणि ते पावसाळा सरल्यावर नव्हे, भर पावसाळ्यात. ज्याचे कमी भरेल त्याचे तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. यासाठी प्रत्येक शाळेला स्वतंत्र यंत्र नको. एका प्रभागात एक फिरते यंत्र आणि ते चालविणारा एक शिकलेला माणूस पुरेल. दरम्यान शिक्षकांनी ‘लक्ष नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाच्या पाठीमागे दोन हातांवर उभे राहून हळू आवाजात त्याला दोन-तीन शब्द म्हणावयास सांगावेत. त्याला ते जमले नाहीत, तर शेरा बाजूस ठेवून पालकांना चिठ्ठी लिहावी आणि मुलास पहिल्या बाकावर घ्यावे.

शहरातील पालिका शाळांत गेल्या वर्षी किती मुलांचे श्रवण यंत्राने मोजले गेले, किती इस्पितळात धाडली गेली आणि त्यांपैकी किती तेथवर पोहोचली, हे तीन आकडे आरोग्याधिकाऱ्यांनी जाहीर करावेत. ते आले, की आम्ही याच जागी छापू.