धरण उशाला, कोरड घशाला

आपल्याकडची ही म्हण लेसोथोच्या डोंगरातल्या बाईला समजावून सांगावी लागणार नाही. कात्से धरणाचा अथांग साठा खाली दिसत असताना तिच्यासारख्या कितीतरी जणी झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणत आल्या आहेत. 22 मार्च हा जागतिक जल दिन. त्या दिवशी तिचीच आठवण काढायला हवी.

लेसोथो चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. सगळा देशच उंचावर, सर्वांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटरवर. इथली सेंकू नदी पुढे ऑरेंज होऊन दक्षिण आफ्रिकेतच जाते, पण तहानलेल्या जोहान्सबर्ग-प्रिटोरियापासून दूर. ते पाणी खाली अडवून पंपांनी वर चढवायचे, की डोंगरातच अडवून बोगद्यांतून आपसूक उत्तरेला वाहू द्यायचे? दुसरा मार्ग पुष्कळ स्वस्त. 24 ऑक्टोबर 1986 च्या कराराने ही बचतच वाटून घेतली: 56 टक्के लेसोथोला, 44 टक्के दक्षिण आफ्रिकेला. खरे पाहता मोल ठरले ते उताराचे.

सही कोणी केली? एकीकडे त्याच जानेवारीत सत्ता बळकावलेले लष्कर, दुसरीकडे वर्णद्वेषी राजवट. ज्यांची शेते बुडायची होती त्यांना विचारण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. 185 मीटर उंचीच्या कात्सेचे पाणी 1998 मध्ये सीमेपलीकडे पोहोचले. त्याच सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेचे सैन्य लेसोथोत शिरले, आणि कात्से धरणावर लेसोथोचे जवान मारले गेले. गिऱ्हाईक एवढे बलाढ्य असले की करारातल्या दुसऱ्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचे वजन किती उरते?

बुडालेल्या शेतापोटी 50 वर्षे धान्य किंवा रोख रक्कम देण्याचे ठरले. पण बांधावर उगवणारी पालेभाजी, सरपण, गुरे चारायचे कुरण यांचे मोल मक्याच्या पोत्यात मावत नाही. पाण्याची रॉयल्टी सरकारी तिजोरीत जमा होते, काठावरच्या गावात नाही. मुंबईला तानसा-भातसाचे पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि तिथे तर मध्ये सीमाही नाही.

आता त्याच डोंगरात पोलिहाली धरण उभे राहते आहे. काठच्या गावांचा नळ हा कराराचा पहिला हप्ता मानला पाहिजे. बोगद्याचे दार उघडण्याआधी तो नळ सुरू झालेला असावा.