बिघडू देण्याइतके स्वस्त रंग

वाचकहो, तुमच्या घरात सातवी-आठवीत जाणारे मूल असेल, तर ‘एलिमेंटरी’ हा शब्द तुमच्या कानावर नक्की आला असेल. राज्याच्या कला संचालनालयातर्फे घेतली जाणारी ही शासकीय रेखाकला परीक्षा. पहिली एलिमेंटरी, तिच्या पुढची इंटरमीजिएट. समोर ठेवलेली वस्तू पाहून काढायची, एखादा प्रसंग आठवून काढायचा, नक्षीकाम करायचे, आणि भूमितीच्या आकृत्या व अक्षरे रेखाटायची, असा साधारण अभ्यास असतो. चित्रकलेची रीतसर वाट आपल्याकडे बहुतेकांना इथूनच सुरू होते.

मुलगी नाव देऊन येते आणि दुसऱ्या दिवशी साहित्याची यादी घरी येते. बोर्ड, जाड कागद, पेन्सिली, कुंचले, रंगांची पेटी. यादी पाहून घरधनी मनातल्या मनात खताच्या पोत्याशी हिशेब घालतो. तरीही लेकरासाठी पेटी आणली जाते, आणि देतानाच बजावले जाते, ‘जपून वापर गं, पुन्हा आणायचे नाहीत.’ इथेच घात होतो. मुलगी मोहरीच्या दाण्याएवढा रंग काढते, कागद बिघडेल म्हणून श्वास रोखून रेघ ओढते. हात आखडला की रेघही आखडते. परीक्षेपर्यंत निम्मी पेटी तशीच राहते आणि रंग कसा वागतो ते पोरीला कळलेलेच नसते.

म्हणून आजचे सांगणे एवढेच, की शिकणाऱ्याचे पहिले साहित्य बिघडू देण्याइतके स्वस्त असावे, आणि ते खुशाल बिघडवावे. नवे बियाणे आले म्हणून आपण सगळे रान एकदम पेरत नाही. बांधाकडेची दोन तासे पेरतो, उगवण पाहतो, मग ठरवतो. चित्रकलेतही अशी दोन तासे लागतात. त्याला लागणारे बहुतेक साहित्य तुमच्या घरात आणि रानात पडलेले आहे.

पहिला घ्या कोळसा. तुरीच्या बोटाएवढ्या वाळल्या काड्या साली काढून पत्र्याच्या डब्यात दाटून भरा. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि डबा चुलीतल्या निखाऱ्यात ठेवा. भोकातून धूर येत राहील. धूर थांबला की डबा बाहेर काढा, पण पुरता गार होईपर्यंत उघडू नका. गरम कोळशाला वारा लागला तर तो पेट घेईल आणि हाती राख येईल. या काडीने खरबरीत कागदावर तांब्या काढा, घागर काढा, बसलेली गाय काढा. चुकले तर फडक्याने झटका. पुसले जाते हे ठाऊक असले की हात मोकळा होतो.

मग या रंगांकडे. बाजाराच्या दिवशी गेरू आणि पिवडी आणा. काळ्यासाठी तेलाच्या दिव्यावर थाळी उपडी धरून काजळी जमवा. पांढऱ्यासाठी खडूची भुकटी चालेल. गेरू कुटून पाण्यात ढवळा, जाड कण तळाशी बसले की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि ते निवळू द्या. खाली जो साय असल्यासारखा थर बसेल तो तुमचा रंग. बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी फडक्यातून गाळून घ्या.

आता कागदावर तीन पट्टे ओढा. पहिला नुसत्या पाण्यातल्या गेरूचा, दुसरा त्यात थोडे डिंकाचे पाणी घालून, तिसरा भरपूर डिंक घालून. वाळल्यावर बोट फिरवा. पहिला पट्टा बोटाला लागेल, दुसरा धरून राहील, तिसरा चकाकेल आणि बहुधा तडकेल. भुकटी म्हणजे रंग आणि डिंक म्हणजे त्याला धरून ठेवणारा, हे एवढ्यात समजते. दुकानातला जलरंगही मुळात असाच असतो, बारीक भुकटी आणि डिंक. ज्या मुलीने स्वतः रंग कालवला, ती पेटीतल्या वडीला बिचकत नाही.

आणखी एक प्रयोग करा, त्यात घरच्या बाईमाणसांचा सल्ला घ्या. हळदीचा पट्टा ओढून त्यावर चुन्याच्या निवळीचे बोट लावा. पिवळ्याचे लाल होईल. कुंकू हळदीपासून कसे होते हे आजीला ठाऊक असते, तिला विचारा. आता हळद आणि गेरू यांचे दोन पट्टे शेजारी-शेजारी ओढा, अर्धे पुठ्ठ्याने झाका आणि आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवा. उघडी हळद विटलेली दिसेल, गेरू जसाच्या तसा राहील. गेरूचा रंग लोहाच्या गंजाचा. तो आधीच गंजलेला, ऊन त्याचे आणखी काय करणार? हळदीचा रंग वनस्पतीचा, उजेडाने तो मोडतो.

हे काही पोरखेळ नव्हेत. अजिंठ्याच्या लेण्यांतील भिंतींवर जो गिलावा आहे, त्यात माती, भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवलेले आहेत. त्यावरचे तांबडे आणि पिवळे रंग मातीचे, हिरवा एका प्रकारच्या मातीचा, काळा काजळीचा. निळा दगड तेवढा दूरदेशाहून आणलेला. शेवटची चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली धरली, तरी दीड हजार वर्षे झाली. त्या कारागिरांनीही कुठला रंग टिकतो आणि कुठला विटतो हे आधी कुठेतरी करूनच पाहिले असणार.

जवळचे उदाहरण हवे असेल तर डहाणू तालुक्यातील गंजाड गावचे जिव्या सोमा मशे पाहा. वारली समाजात लग्नाचा चौक घरच्या भिंतीवर बायका लिहीत. गेरूची किंवा शेणामातीची भिंत, तांदळाचे पीठ पाण्यात कालवलेले, आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढेच साहित्य. मशे पुरुष असूनही ते काम करू लागले, आणि लग्नकार्य नसतानाही चित्रे काढू लागले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराच्या खटपटीने तिथे कागद पोहोचला. भिंतीवरचा हात कागदावर आला, पुढे कापडावर गेला, साहित्य बदलत गेले, पण आधीचा हात वाया गेला नाही. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

म्हणून घरातल्या मोठ्यांनीही मागे राहू नये. जी माउली रोज ठिपके मोजून रांगोळी काढते, गोधडीला समान टाके घालते, तिचा हात शिकाऊ नाही, फक्त साहित्य नवे आहे. लेकीच्या वहीत दोन पाने आईचीही असू द्यात.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका. निळा दिसतो म्हणून मोरचूद रंगात घालू नका, तो विषारी आहे. शेंदरात शिसे असते, तोही मुलांच्या हाती देऊ नका. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर डोळा जाण्याची भीती असते. चुना लागलाच तर मोठ्या माणसाने आधी विरवून गार केलेलाच द्यावा. फवारणीच्या औषधाचा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी रंगाच्या पाण्याला वापरू नये. कुंचल्याचे टोक तोंडात धरायची सवय मुलांना फार लवकर लागते, ती पहिल्या दिवशीच मोडा.

या साऱ्या प्रयोगांसाठी एक वेगळी वही करा. प्रत्येक पट्ट्याशेजारी काय घेतले, किती घेतले, तारीख कोणती हे लिहून ठेवा. महिनाभर असे झाले की पेटी उघडा आणि तिचीही तशीच परीक्षा घ्या. जलरंग पारदर्शक असतो, त्यात कागदाचा पांढरेपणा राखावा लागतो आणि फिकटाकडून गडदाकडे जावे लागते. पोस्टर रंग झाकणारा असतो, गडदावरही फिकट चढतो. हा फरक ऐकून कळत नाही, एक पान खर्ची घालून कळतो. मात्र परीक्षेच्या दिवशी नवा कागद किंवा नवा रंग पहिल्यांदा हाती घेऊ नये. तिथे ओळखीचेच साहित्य न्यावे.

आणि आईवडिलांनी एवढे करावे. ही वही पाहताना ‘हे काय काढलेस?’ असे विचारू नये, कारण त्यात काढलेले काहीच नसेल. डाग असतील, तडकलेले पट्टे असतील, विटलेली हळद असेल. ‘हे का तडकले?’ असे विचारावे. उत्तर देताना मुलगी डिंकाचे प्रमाण सांगू लागली, तर पेटीवरचे पैसे कारणी लागले असे समजा. येत्या बाजारी पावशेर गेरू तेवढा आणायला विसरू नका.