लग्नखर्च : प्रतिष्ठेचा कर आणि त्याचे करदाते

तुळशीचे लग्न लागले की घरोघर मुहूर्तांची चर्चा सुरू होते आणि तिच्या मागोमाग हिशेबाची वही उघडली जाते. 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण जुनीच आहे. परंतु तिच्यात व्यक्त झालेली दमछाक हेच आता एका प्रचंड बाजारपेठेचे भांडवल बनले आहे. कॉन्फेडरेशन ऑफ ऑल इंडिया ट्रेडर्स या व्यापारी संघटनेने २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील हंगामासाठी जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार देशात सुमारे ४८ लाख विवाह आणि त्यांवर सुमारे ५ लाख ९० हजार कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित होता. अंदाज व्यापाऱ्यांचा आहे. तो सढळ हाताने केलेला असणार हे गृहीत धरावे. तरीही साधा भागाकार केला तर एका लग्नामागे बारा लाखांहून अधिक रुपये येतात.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा मांडला पाहिजे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ या कृषिवर्षात भारतातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. म्हणजे वर्षाचे सव्वा लाखाच्या आत. त्याच पाहणीत निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी आढळली. मधल्या वर्षांत हे उत्पन्न दीडपट झाले असे उदारपणे मानले, तरी व्यापाऱ्यांच्या हिशेबातील एक सरासरी लग्न म्हणजे शेतकरी कुटुंबाची साडेसहा वर्षांहून अधिक काळाची संपूर्ण कमाई होय. अर्थात कोणी म्हणेल की ही सरासरी श्रीमंतांच्या लग्नांनी फुगलेली आहे, सामान्य शेतकरी काही बारा लाख खर्च करीत नाही. आक्षेप बरोबर आहे. परंतु प्रश्नाची खरी मेख तेथेच आहे. श्रीमंताने फुगविलेली सरासरी हीच गरिबाची मोजपट्टी ठरते.

अशा आकड्यांवरून उपदेशाला सुरुवात होण्यास वेळ लागत नाही. शेतकरी उधळ्या आहे, ऋण काढून सण साजरे करतो, मग सावकाराच्या दारात जातो, हे निदान सुखवस्तू वर्गाला फार सोयीचे असते. ते नवेही नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, त्यानंतर नेमलेल्या दख्खन दंगे आयोगापुढेही हेच स्पष्टीकरण आले होते. परंतु परकीय सरकारच्या त्या आयोगानेसुद्धा लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा दिला. ऐपतीच्या मानाने हा खर्च जास्त दिसला तरी असे प्रसंग क्वचितच येतात, हे त्याने नोंदविले. जमिनीचा कस, पावसाची अनिश्चितता, सारावाढ, कापसाच्या भावातील घसरण आणि सावकाराच्या बाजूने झुकलेली न्यायव्यवस्था ही कारणे अधिक खोलवरची होती. समाजवादी कार्यकर्त्याने ही दीडशे वर्षांपूर्वीची नोंद विसरता कामा नये. वर्षभर दारिद्र्यात राहणाऱ्या माणसाने एक दिवस गोडधोड करून गावाला जेवू घातले, तर तो त्याचा अपराध नव्हे.

तथापि १८७५ चे लग्न आणि आजचे लग्न यांत मूलभूत फरक पडला आहे. जुन्या लग्नात खर्च होता. पण त्यातील बराचसा भाग श्रमाच्या आणि धान्याच्या रूपाने गावातच फिरत असे. मांडवाला मेढी शेजारचे आणीत, भाकऱ्या भावकीतील बाया थापत, रुखवताचे पदार्थ मावश्या-आत्या करीत आणि आजचे ऋण उद्या दुसऱ्याच्या मांडवात फेडले जाई. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, बलुतेदाराचे शोषण होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र आता त्यातील प्रत्येक काम रोखीने विकत घ्यावे लागते. मंगल कार्यालयाची जागा लॉन्सने घेतली. साखरपुडा आणि हळद हे स्वतंत्र समारंभ झाले. लग्नाआधीच्या चित्रीकरणाची भर पडली. आणि या सर्वांची आखणी करणारा 'इव्हेंट'वाला आता तालुक्याच्या गावीही भेटतो. त्याच्या जाहिरातीतील परवलीचा शब्द 'अविस्मरणीय' हा असतो. हा खर्च ज्याच्याजवळ रोख नाही तो जमीन गहाण ठेवतो, सोने तारण ठेवतो किंवा खासगी वित्तसंस्थेकडे जातो.

हे तो हौसेने करतो काय? थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची मीमांसा करून दाखविले की विषम समाजात खर्च हा गरजेसाठी नव्हे, तर पायरी सिद्ध करण्यासाठी केला जातो. आपल्याकडे या पायऱ्यांना जातीची चौकट आहे. स्थळ जातीतच, शक्यतो पोटजातीतच पाहायचे. नोकरी किंवा बागायत असलेली मुले थोडी. आणि मुलीचे वय वाढते आहे ही टोचणी. अशा बंदिस्त बाजारात मुलीच्या बापाची सौदाशक्ती शून्य असते. म्हणून 'आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगले करून द्या' हे वाक्य सौजन्याचे वाटले तरी व्यवहारात ती मागणीच असते. तिला व्यक्तीची उधळपट्टी न म्हणता विषमतेने बसविलेला कर म्हणणे अधिक यथार्थ होय.

कायद्याची या ठिकाणी पंचाईत होते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे ठरविले; १९८४ व १९८६ च्या दुरुस्त्यांनी तो कडक केला. परंतु रूढीनुसार आणि ऐपतीच्या मानाने अवाजवी नसलेल्या, यादीत नोंदविलेल्या भेटींना त्यात मोकळीक आहे. मांडव, जेवणावळी आणि मानपान यांवर केलेला खर्च तर सहसा हुंडा म्हणून गणलाच जात नाही. त्यामुळे हुंड्याने आता समारंभाचा वेष घेतला आहे.

या कराचा शेवटचा हप्ता मुलगीच भरते. देशात अजूनही दरवर्षी सहा हजारांच्या आसपास हुंडाबळींची नोंद होते. २०१७ साली लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने, आपल्या लग्नाचा भार वडिलांना झेपणार नाही या विचाराने, आपले जीवन संपविले. मराठवाड्यातील ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून जी उचल घेतात, तिच्यातूनच अनेकदा लग्ने उरकली जातात. आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्याने, लवकर लग्न म्हणजे नवी उचल असा क्रूर हिशेब मांडला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. बालविवाहाचा प्रश्न केवळ अज्ञानाचा आहे असे मानणाऱ्यांनी हा हिशेब समजून घ्यावा.

आणि वरच्या टोकाला काय दिसते? २०२४ मध्ये अंबानी कुटुंबातील विवाहपूर्व सोहळ्यासाठी जामनगरच्या विमानतळाला काही दिवसांपुरता आंतरराष्ट्रीय दर्जा देण्यात आला. जुलैत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात लग्न झाले तेव्हा वाहतूक पोलिसांच्या सूचनेत त्या खासगी समारंभाचा उल्लेख 'सार्वजनिक कार्यक्रम' असा होता. खुद्द पंतप्रधानांनी २०२३ च्या अखेरीस धनिकांना परदेशाऐवजी देशातच लग्ने करण्याचे आवाहन केले. पैसा देशात राहील, रोजगार वाढेल, हा त्यामागील युक्तिवाद.

रोजगाराचा हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. आचारी, वाढपी, मांडववाले, बँडवाले, फुलवाले, डोक्यावर दिव्यांच्या झुंबरी घेऊन वरातीबरोबर चालणारे मजूर अशा असंख्यांची चूल या हंगामावर पेटते. परंतु हा रोजगार चार-सहा महिन्यांचा, लेखी कराराविना, रात्री-अपरात्रीचा आणि बहुतांशी विम्याविना आहे. हजार रुपयांचे ताट वाढणाऱ्याला त्या रात्री किती मिळतात, हे यजमानाने एकदा विचारून पाहावे. शिवाय कर्ज काढून केलेल्या खर्चाने आज जी मागणी निर्माण होते, ती उद्याच्या व्याजाने आणि हप्त्यांनी आटते. बियाण्याचा, शाळेचा आणि औषधाचा पैसा त्यातच जातो. श्रीमंतांनी खर्च करावा, कर भरू नये, आणि त्यालाच रोजगारनीती म्हणावे, हे समाजवाद्यांना मान्य होण्यासारखे नाही.

पर्याय नाहीत असे नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह झाला. त्यात पुरोहित नव्हता, अवास्तव खर्च नव्हता, वधूवरांच्या परस्परप्रतिज्ञा होत्या. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी या विधींची मंगलाष्टकांसह पुस्तिकाच काढली. तामिळनाडूत पेरियारांच्या चळवळीतील स्वाभिमान विवाहांना १९६७ मध्ये अण्णादुराई सरकारने कायदेशीर मान्यता दिली. १९५४ चा विशेष विवाह कायदा सर्वांना खुला आहे. मात्र त्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांच्या जिवावर उठते, म्हणून ती तरतूद रद्द करण्याची मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे. सामुदायिक आणि नोंदणी विवाहांसाठी राज्याची शुभमंगल योजना आहे. तिचे अनुदान १० हजारांवरून २५ हजारांवर नेण्यात आले. कार्यकर्त्यांनी ही योजना गावोगाव पोहोचवावी. पण पुढाऱ्याच्या मुलाचे लग्न लॉन्सवर आणि गरिबाच्या मुलीचे त्याच पुढाऱ्याच्या फलकाखाली, असा सामुदायिक विवाह ही समता नव्हे.

मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मराठा समाजाच्या बैठकांतून साध्या लग्नांच्या आचारसंहिता पुढे आल्या, याचे स्वागत केले पाहिजे. तरीही जातीची आचारसंहिता जातीची भिंत शाबूत ठेवते, आणि हुंड्याचा बाजार त्या भिंतीच्या आतच भरतो. ती भिंत ओलांडणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी उभे राहणे, हे खर्चकपातीच्या ठरावापेक्षा अवघड आणि अधिक परिणामकारक काम आहे.

साधे लग्न अशक्य आहे, ही समजूत तर महामारीनेच खोटी ठरविली. २०२० मध्ये पन्नास पाहुण्यांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती पंचवीस माणसे आणि दोन तास इतकी खाली आली. त्या लग्नांतील संसार काही कमी प्रतीचे निघाले नाहीत. मग निर्बंध उठताच सर्व पूर्वपदावर का आले? कारण त्या काळात कोणालाच मोठे लग्न करता येत नव्हते, म्हणून छोट्या लग्नाची लाज कोणालाच वाटत नव्हती. एकट्या शेतकऱ्याने ही लाज झुगारावी असे सांगणे म्हणजे दुबळ्याकडून शौर्याची अपेक्षा करणे होय. ज्यांना मोठे लग्न परवडते, ज्यांच्या मांडवाकडे तालुक्याचे लक्ष असते, त्यांनी ते लहान केले तरच मोजपट्टी बदलेल.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरच्या कार्यापासून सुरुवात करावी: नोंदणी पद्धतीने विवाह, मुलाकडच्यांनी निम्मा खर्च उचलणे, मानपान आणि आहेर बंद, वाढप्याला आणि वाजंत्र्याला पूर्ण मजुरी. जेथे हुंडा घेतला गेला असेल, तेथे पंगतीला न जाण्याचे धैर्यही दाखवावे. पुढारी आणि मित्र तेथे हजेरी लावतात, म्हणूनच त्या मांडवाला प्रतिष्ठा मिळते. ती हजेरी काढून घेणे आपल्या हाती आहे.