पाहुण्याचा निरोप

आमच्या आपाचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात दोन दिवसांसाठी आमच्याकडे आला, तो सलाम-दुआ होते न होते तोच लॅपटॉप उघडून बसला. "मामू, हे बघा. सत्तावीस चाचण्या, सत्तावीस हिरव्या. अहवाल देऊन टाकला, सरांची सहीसुद्धा झाली."

प्रकल्प चांगला होता. आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रिजसाठी धोक्याची घंटा. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते. पारा त्याच्या वर किंवा खाली गेला की घंटा वाजली पाहिजे. लस उन्हाळ्यानेच खराब होते असे पुष्कळांना वाटते. पण कावीळ ब, पेंटाव्हॅलंट अशा लसी गोठल्या तरी वाया जातात आणि पुन्हा वितळल्यावर वरवर पाहून ते कळतही नाही.

घंटेचा प्रोग्राम ज्या छोट्या चिपवर चालायचा, ती कॉलेजात चौघांत एक. मग घरी काम कसे करायचे? त्यासाठी एम्युलेटर असतो. हा लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याच प्रोसेसरचे सोंग घेतो. चिपसाठी लिहिलेली एकेक आज्ञा वाचतो आणि चिपने जे केले असते तेच करून दाखवतो. भाचा वापरतो त्याचे नाव क्यूएमू. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने तो लिहिला, २००३ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला. या शास्त्रात लॅपटॉपला म्हणतात होस्ट आणि आत चालणाऱ्या सोंगाच्या यंत्राला गेस्ट. आपल्या घरातल्या बोलीत मेजबान आणि मेहमान. आम्हाला हे फार आवडले. आम्ही बी.एड. केले त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे आणि आत गेल्यावर नुसते बघावे लागे. असे घरगुती शब्द तेव्हा कुणी सांगितले असते तर थोडी भीती कमी झाली असती.

आता हिरव्या-लालचा प्रकार. कोणताही प्रोग्राम संपताना, त्याला ज्याने चालवले त्याच्या हाती एक आकडा ठेवून जातो. युनिक्सपासूनची ही रीत आहे. शून्य म्हणजे सगळे ठीक, दुसरा कोणताही आकडा म्हणजे काहीतरी बिघडले. भाच्याची प्रत्येक चाचणी एम्युलेटरमध्ये चालायची, लॅपटॉप शेवटचा आकडा बघायचा आणि हिरवी किंवा लाल खूण करायचा.

सत्तावीसच्या सत्तावीस पास? आम्हाला संगणकातले फार कळत नाही, पण पेपर तपासण्यात बावीस वर्षे गेली. नवा परीक्षक सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊ लागला की गठ्ठ्यात एक कोरा पेपर सरकवून बघावा. आम्ही म्हणालो, "बेटा, तुझ्या गठ्ठ्यातही एक कोरा पेपर घाल. मी नापास एवढेच सांगणारा प्रोग्राम लिही."

तो हसला. मामूंचे मन राखायचे म्हणून दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला, काहीच न करता शेवटी १ हा आकडा देणारा. चालवला. हिरवा.

पुन्हा चालवला. पुन्हा हिरवा. मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

तो १ गेला कुठे, हे शोधायला मगरिबपासून जेवणापर्यंतचा वेळ लागला. लॅपटॉपवरच्या साध्या प्रोग्रामच्या पाठीशी ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती शेवटचा आकडा झेलते. फ्रिजमधल्या चिपच्या पाठीशी कुणी नसते. तिथला प्रोग्राम संपायचाच नसतो, रात्रंदिवस पारा बघत बसायचा असतो. म्हणून एम्युलेटरमधून बाहेर निरोप पाठवायला वेगळी खिडकी लागते. आर्म कंपनीच्या चिपसाठी तिचे नाव सेमीहोस्टिंग. ती क्यूएमू सुरू करतानाच उघडून द्यावी लागते. प्रोग्राम एका रजिस्टरमध्ये कामाचा क्रमांक ठेवतो, दुसऱ्यात तपशील, आणि "इथे थांब" अशी खास आज्ञा देतो. एम्युलेटर थांबतो, क्रमांक वाचतो आणि ते काम मेजबानाकडून करून घेतो.

"मी संपलो" या कामाचा क्रमांक आहे १८, सोळाच्या पद्धतीने लिहिलेला. खोट इथेच होती. ३२ बिटांच्या आर्म चिपवर या क्रमांकासोबत एकच गोष्ट पाठवता येते, ती म्हणजे संपण्याचे कारण. "मी आपणहून संपलो" या कारणाचा ठरलेला आकडा २००२६, तोही सोळाच्या पद्धतीतला. पास की नापास याला जागाच नाही. क्यूएमू हे कारण बघतो आणि लॅपटॉपच्या हाती शून्य ठेवतो. पाहुणा दारात "येतो" म्हणाला एवढेच मेजबानाला कळले. आत पोटात दुखत होते, ते सांगायला त्याला तोंडच नव्हते.

उपाय शेजारीच होता. क्रमांक २०, हासुद्धा सोळाच्या पद्धतीतला. त्यात दोन कप्प्यांचा पत्ता द्यायचा. पहिल्या कप्प्यात कारण, दुसऱ्यात आकडा. ६४ बिटांच्या आर्मवर मात्र १८ क्रमांकच दोन कप्पे घेतो. त्यामुळे एकाकडे बरोबर चालणाऱ्या ओळी दुसऱ्याकडे चालत नाहीत. भाच्याने एका सीनियरच्या जुन्या फाइलमधून चार ओळी उचलल्या होत्या. त्या बदलल्या आणि कोरा पेपर लाल झाला. लाल खूण पाहून इतका खूश झालेला विद्यार्थी आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

मग सगळ्या सत्तावीस चालवल्या. चार लाल.

तीन लाल एकाच कारणाने होत्या. पडद्यावर दाखवताना उणे चिन्ह वेगळे लिहिता यावे म्हणून त्याने ते काढून बाजूला ठेवले होते, आणि उरलेला आकडाच २ आणि ८ शी ताडून पाहत होता. म्हणजे उणे ४ अंशाला प्रोग्राम ४ समजत होता. ४ म्हणजे अगदी उत्तम! फ्रिज बिघडून रात्रभर लस गोठली असती आणि घंटा गप्प राहिली असती. सकाळी तीच लस कुणाच्या तरी बाळाच्या मांडीत गेली असती. चाचणीने ही चूक पहिल्या दिवसापासून पकडलेली होती. ती रोज १ म्हणत होती, ते बाहेर पोचत नव्हते.

ज्यांच्या घरी असा विद्यार्थी आहे, त्यांनी पुढच्या चार गोष्टी त्याला जरूर वाचून दाखवाव्यात. प्रत्येक यंत्राची खिडकी निराळी असते. पीसीच्या जातीच्या यंत्रासाठी क्यूएमूमध्ये एक छोटे उपकरण जोडता येते. त्यात जो आकडा लिहाल त्याची दुप्पट अधिक एक बाहेर येते. म्हणजे शून्य कधी येतच नाही. १६ लिहिले की ३३ मिळतात, आणि ३३ म्हणजे पास हे लॅपटॉपला आधी सांगून ठेवावे लागते. बर्कली विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेल्या रिस्क-फाइव्हच्या चाचण्या 'टूहोस्ट' नावाच्या जागी १ लिहितात, तिथे तोच पास. नापास झाली तर अडलेल्या चाचणीच्या क्रमांकाची दुप्पट अधिक एक. युनिक्सच्या जातीच्या होस्टवर शेवटचा आकडा २५५ पर्यंतच मावतो. चुकांची संख्याच आकडा म्हणून पाठवली आणि चुका नेमक्या २५६ निघाल्या, तर बाहेर शून्य! पाहुणा आतच अडकला तर किती वेळ वाट पाहायची तेही ठरवावे, आणि वेळ संपली की लाल खूण करावी. आणि ती "इथे थांब" आज्ञा खऱ्या चिपमध्ये जाता कामा नये. ती ऐकायला डीबगर जोडलेला नसेल तर चिप तिथेच अडकून बसते.

जेवणानंतर खरी कठीण गोष्ट आली. "मामू, अहवाल दिलाय. सही झालीय. आता काय सांगू सरांना?"

आम्ही म्हणालो, जे दिसले तेच सांग. तो उठून गच्चीवर गेला, फोन लावला. अर्ध्या तासाने खाली आला. सर आधी चिडले, मग कोऱ्या पेपराची गोष्ट ऐकून म्हणाले, तो कोरा पेपर अहवालातच जोड, चाचण्यांच्या यादीत सगळ्यात वर.

रात्री उणे चिन्हाची चूक दुरुस्त झाली आणि तीन लाल हिरव्या झाल्या. एक राहिली. पारा बरोबर ८.० वर असताना घंटा वाजावी की नाही? चाचणी म्हणते वाजावी, प्रोग्राम म्हणतो ८ च्या वर गेल्यावर. दोन्ही त्यानेच लिहिलेले. आम्हाला विचारले तर आम्हालाही सांगता येईना. सकाळच्या एसटीने तो गेला. वाटेत आरोग्य केंद्रावर उतरून फ्रिज सांभाळणाऱ्या सिस्टरना विचारणार होता.