स्टीलची सायकल, कार्बनचं पदक

पोरवयात मी सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचो. तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या, चाकाचा आऊट काढायचा, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे. त्यामुळे सायकल दिसली की माझी नजर आधी चाकावर जाते, मग वरच्या माणसावर.

ऑक्टोबर २०२४ मध्ये डेन्मार्कात बॅलरुपला ट्रॅक सायकलिंगची जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांच्या कीरिनमध्ये जपानचा केन्तो यामासाकी पहिला आला. त्याच्याआधी हे पदक जपानला हारुमी होन्दानं आणून दिलं होतं, व्हिएन्नात, १९८७ साली. मधे सदतीस वर्षं गेली. आणि खेळ कुणाचा? जपानचाच. नावसुद्धा त्यांचंच. केइ म्हणजे चढाओढ, रिन म्हणजे चाक. मग आपल्याच घरच्या लग्नात सदतीस वर्षं मांडवाबाहेर का उभं राहावं लागलं?

दोस्तांनो, कीरिन दोन आहेत. एक मजुरांची, एक मालकांची. माझं म्हणणं ज्यांना भडक वाटेल त्यांनी पुढचं वाचावं.

पहिली जन्मली १९४८ च्या नोव्हेंबरात, कोकुरा गावी. कोकुरा म्हणजे तेच गाव, ज्याच्यावर अमेरिकेचा दुसरा अणुबॉम्ब पडायचा होता. आभाळ दाटलं होतं म्हणून विमान नागासाकीकडं वळलं. युद्ध हरलेला देश, जळालेली शहरं, नगरपालिकांच्या तिजोऱ्या रिकाम्या. सरकारनं कायदा केला: सायकली पळवा, लोकांना पैज लावू द्या, वाटा आम्ही काढतो. शंभर येन लावले तर साधारण पंचाहत्तर लावणाऱ्यांमध्ये परत वाटायचे, बाकीचे खेळ चालवायला आणि गावाला. शहरं उभी राहिली ती गोदी-कारखान्यातल्या माणसाच्या खिशातून. इकडं मटका लावणाऱ्याला पोलीस धरतात आणि महालक्ष्मीला घोड्यावर पैसे लावणारा टाय बांधून जातो. तिकडं सरकारच मटकेवाला झालं, एवढाच फरक! लोक चिडले तेव्हा चिडले. १९५० साली नारुओच्या ट्रॅकवर दंगल झाली. टोकियोचा डावा गव्हर्नर मिनोबे जुगाराच्या विरोधात उभा राहिला आणि १९७२ नंतर कोराकुएनचा ट्रॅक थंड पडला. त्या जागेवर आज टोकियो डोम आहे.

तेव्हा जुगाराची आरती मी ओवाळत नाय. पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्या जुगारानं एक नियम जन्माला घातला: सायकल सगळ्यांना सारखी. फ्रेम स्टीलची. हँडल, क्रँक, हब, सगळ्यावर मान्यतेचा शिक्का. कार्बन नाही, गुपित नाही. यात कुणाचा दयाळूपणा नव्हता. पैसे लावणाऱ्याला खात्री हवी होती की जिंकला तो माणूस, यंत्र नव्हे. समता आली ती पैजेच्या धाकानं. आली मात्र!

आणि त्या सायकलवर बसणारे कोण? दोन हजारांवर माणसं. इझूच्या शाळेत शिकून निघालेली. स्पर्धेच्या दिवसांत मोबाईल काढून घेतात, बाहेर कुणाशी बोलायचं नाय, वसतिगृहात कोंडून राहायचं. गुण कमी पडले की खालचा वर्ग, तिथंही कमी पडले की घरी. सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. गिरणीतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

ते पळतात टोळीनं. एका भागातले दोघं-तिघं रांग धरतात. पुढचा वारा फोडतो, मागचा त्याची पाठ राखतो. पुष्कळदा वारा फोडणारा हरतो आणि मागचा जिंकतो. पैसे लावणारे हे जाणून असतात, कोण कुणासाठी वारा खाईल याचा हिशोब मांडूनच तिकीट घेतात.

आता दुसरी कीरिन. १९८० साली ती जागतिक स्पर्धेत घेतली, २००० साली सिडनीला ऑलिंपिकमध्ये. इथं रांग नाही, प्रत्येक जण एकटा. २५० मीटरचा लाकडी ट्रॅक, सहा फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्या मोटर लावलेल्या सायकलच्या मागं, तिचा वेग ताशी तीसवरून पन्नासपर्यंत चढतो. मग ती बाजूला होते आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत जो तो आपला. तिच्या पुढं गेलास तर बाद. पण खाली सायकल कुठली, तर ज्याच्या देशाला परवडेल ती. हवेच्या बोगद्यात तपासलेली कार्बनची फ्रेम, अंगाला चिकटलेला कपडा. जपाननं काय केलं? २०१६ साली बेन्वा व्हेतू हा फ्रेंच प्रशिक्षक आणला, पुढं तोरे कंपनीच्या कार्बनची सायकल बनवली. २०१८, २०१९, २०२० अशी लागोपाठ तीन रौप्यं आली आणि मग यामासाकीचं सोनं. पोराच्या मांड्यांना माझा सलाम आहे. पण घरी स्टील आणि जगात कार्बन, हे त्यालाही करावं लागलं, हे विसरू नका.

मलेशियाचा अझिझुलहस्नी अवांग बघा. तेरेंगानूचा, बुटका. समोर दीड पट अंगाचे गडी. २०११ साली मँचेस्टरच्या विश्वचषकात पडला, ट्रॅकच्या लाकडाची वीसेक सेंटिमीटरची ढलपी पोटरीतून आरपार गेली. उठला, सायकलवर बसला, तिसरा आला. २०१७ ला हाँगकाँगमध्ये जगज्जेता झाला. त्याच्या मागंही शेवटी देशानं पैसा उभा केला, तेव्हाच सायकलीत बरोबरी झाली. पोटरी त्याची, पण पोटरीवर भागत नाही.

आणि आपला एसो अल्बेन. कार निकोबार बेटावरचा. २००४ च्या त्सुनामीनं झोडपलेलं बेट. २०१८ ला स्वित्झर्लंडच्या एगलमध्ये ज्युनियरांच्या जागतिक स्पर्धेत त्यानं कीरिनचं रौप्य घेतलं. भारताच्या सायकलिंगला जागतिक स्पर्धेतलं ते पहिलं पदक. पुढच्या वर्षी सांघिक स्प्रिंटमध्ये सोनं. सोळा-सतरा वर्षांची पोरं जगाला भारी पडतात आणि मोठ्या गटात गेली की मागं राहतात. का? पाय तर तेच असतात. मला वाटतं, ज्युनियरात अजून माणूस पळतो, वर गेलं की प्रयोगशाळा पळते.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. जागतिक कीरिनमध्ये सगळ्यांना स्टीलची सारखी सायकल द्या. चिठ्ठी टाकून जागा ठरवता ना? तशीच चिठ्ठी टाकून सायकली वाटा. कुणी म्हणेल, हा प्रगतीला विरोध. च्यायला, प्रगती कुणाच्या बापाची? आणि हे अशक्यही नाही. एका तासाच्या विक्रमाला त्याच जागतिक संघटनेनं एके काळी अट घातली होती, एडी मर्क्सनं १९७२ साली वापरली तसलीच सायकल पाहिजे. २००० साली ख्रिस बोर्डमननं तसल्या सायकलवर ४९.४४१ किलोमीटर काढले. मर्क्सपेक्षा किती जास्त? दहाच मीटर! अठ्ठावीस वर्षांत माणूस दहा मीटर पुढं गेला, बाकी सगळं अंतर यंत्रानं कापलं होतं. हे आकड्यात उघडं पडलं. २०१४ ला ती अट त्यांनीच काढून टाकली.