हार्ट फेल्युअरची औषधे स्वस्त झाली, मग रुग्ण गोळ्या का सोडतात?

'हार्ट फेल्युअर' हा शब्द ऐकला की घरचे लोक घाबरतात. हृदय बंद पडले, असा त्याचा अर्थ नाही. हृदय चालू असते, पण शरीराला लागते तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. त्यामुळे फुप्फुसात आणि पायांत पाणी साठते, दम लागतो. हार्ट अटॅक येऊन गेलेला असणे, जुना रक्तदाब, मधुमेह, खराब झालेली झडप आणि दारू ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

गेल्या काही वर्षांत या आजारात मोठा बदल झाला आहे, तो औषधांच्या किमतीत. पेटंट संपल्यामुळे डॅपाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये, सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन २०२३ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिन मार्च २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांसाठी खुले झाले. एम्पाग्लिफ्लोझिनची एक गोळी पूर्वी साधारण ६० रुपयांना पडायची. आता काही कंपन्यांची गोळी १० रुपयांच्या आत मिळते. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

हृदयाची पंपिंग, म्हणजे टू-डी इकोमधला 'ईएफ', ४० टक्के किंवा कमी असेल तर चार प्रकारची औषधे एकत्र दिली जातात. सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी, मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखा बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यांनी आयुष्य वाढते आणि ॲडमिट होण्याची वेळ कमी येते. शेवटची गोळी 'शुगरची' म्हणून ओळखली जाते. मधुमेह नसला तरी ती हृदयासाठी चालते, आणि ईएफ चांगला असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही उपयोगी पडते. लघवीच्या गोळीने सूज आणि दम लवकर उतरतो, पण फक्त तिच्यावर भागत नाही.

मग अडते कुठे? सरकारी योजनांचा भर दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेचे ऑपरेशन बसते. दर महिन्याची गोळी मात्र बहुतेकांना खिशातूनच घ्यावी लागते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यामुळे औसा परिसरातील रुग्णांनी आधी सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी केंद्रात कोणती गोळी मिळते, हे विचारावे.

दुसरी अडचण समजुतीची. दम कमी झाला की 'आता बरं आहे' म्हणून गोळ्या बंद होतात, आणि काही आठवड्यांत रुग्ण पुन्हा धापा टाकत येतो. बरे वाटते ते गोळ्या चालू आहेत म्हणून.

तिसरी अडचण नवी आहे. एकाच औषधाची आता अनेक नावे बाजारात आहेत. लातूरच्या डॉक्टरांनी दिलेली आणि गावात मिळालेली, अशा एकाच औषधाच्या दोन गोळ्या काही जण एकदम घेतात. सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टनसोबत रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणे तर धोक्याचे आहे. कंपनीचे नाव न पाहता पाकिटावरचे औषधाचे मूळ नाव पाहा. प्रत्येक भेटीला सगळी पाकिटे पिशवीत घालून आणा.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे :

• रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढले तर पाणी साठते आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

• लोणचे, पापड, खारे शेंगदाणे कमी करा. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते, ते स्वतःहून सुरू करू नका.

• अंगदुखीची गोळी किंवा इंजेक्शन विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याने अंगात पाणी धरते.

• अशक्तपणा आला म्हणून सलाईनचा हट्ट धरू नका. कमकुवत हृदयाला ते जास्तीचे पाणी झेपत नाही.

• उलट्या-जुलाब झाले किंवा कडक उपवास असेल तर डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि लघवीच्या गोळीबद्दल आधी विचारा.

• औषध सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियमची तपासणी चुकवू नका.

चालताना दम लागणे, सपाट झोपता न येणे, रात्री गुदमरून उठणे, दोन्ही पायांवर सूज, ही लक्षणे 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी, छातीचा एक्स-रे, टू-डी इको आणि गरज पडल्यास एनटी-प्रोबीएनपी या रक्ततपासणीने निदान होते. बसूनही दम लागत असेल, ओठ निळे पडले असतील किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा.

पूर्वी 'परवडत नाही' हे औषध सोडण्याचे खरे कारण होते. आज अनेक घरांत ते तेवढे मोठे राहिलेले नाही. खर्च अजूनही जड जात असेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. स्वस्त पर्याय बहुतेक वेळा निघतो.