केमो घेतलेल्या आईच्या मुलाची नोंद ठेवा



गरोदरपणात कॅन्सर निघाला की घरात, आणि कधी कधी दवाखान्यातही, दोनच वाक्ये ऐकू येतात. ‘आधी पोट मोकळे करा’ किंवा ‘सातवा लागला की बाळ काढून घ्या, मग बाईकडे बघू.’ वराळे आणि आसपासच्या गावांत आरोग्यसेविका म्हणून नोकरी केलेली बाई या नात्याने मी ठामपणे सांगते की ही दोन्ही वाक्ये बहुतेक वेळा भीतीपोटी निघतात आणि त्या घाईची किंमत मुलाला मोजावी लागते.

भीती अगदीच निराधार नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात. तेव्हा केमोने व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून ती टाळतात. रक्ताचा कॅन्सर नेमका त्याच काळात उफाळला आणि थांबायला वेळच नसला, तर गर्भपाताचा कठीण निर्णय घ्यावा लागतो, हेही खरे. पण चौथ्या महिन्यापासून गोष्ट वेगळी होते. स्तनाच्या कॅन्सरवर नेहमी वापरली जाणारी काही औषधे, अगदी लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिनसुद्धा, तेव्हा देता येतात, कारण त्यांचा बराचसा भाग वार अडवते. ट्रॅस्टुझुमॅब आणि टॅमॉक्सिफेन मात्र बाळंतपणानंतरच. शेवटची केमो आणि बाळंतपण यांत साधारण तीन आठवडे जाऊ देतात, म्हणजे दोघांच्याही रक्तपेशी भरून येतात.

गरोदरपणी कॅन्सर निघालेल्या आयांची मुले पुढे कशी वाढतात? बेल्जियममधील ल्युव्हेनचे डॉ. फ्रेडेरिक आमांत यांच्या गटाने 2015 मध्ये अशा 129 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 96 जणांच्या आयांनी पोटुशी असताना केमो घेतली होती. तुलनेला तितक्याच आठवड्यांनी जन्मलेली दुसरी 129 मुले होती. दीड ते तीन वर्षांच्या वयात बुद्धीची वाढ दोन्हीकडे सारखीच निघाली, ज्यांचे हृदय तपासले त्यांच्यातही फरक दिसला नाही. फरक पडत होता तो आठवड्यांचा. दोन्ही गटांत बाळ पोटात एक आठवडा जास्त राहिले की चाचणीतले गुण वाढत होते. त्याआधी मेक्सिकोत डॉ. आगुस्तिन अव्हिलेस यांनी रक्ताच्या कॅन्सरवर केमो घेतलेल्या आयांची 84 मुले पुढे कित्येक वर्षे, त्यातली बरीच तर वीस वर्षांच्या आसपास पोचेपर्यंत, पाहिली होती. त्यांचे शिक्षण, वाढ सगळे नीट होते.

म्हणूनच ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ हे आपल्याकडचे बोलणे मला घातक वाटते. ते साफ खोटे आहे. आठव्या महिन्यातल्या बाळाचे फुप्फुस सातव्यापेक्षा तयार असते, वजनही जास्त असते. कॅन्सरच्या धास्तीत हेच वाक्य एखाद्या जाणत्या बाईच्या तोंडून आले की घरचे लवकर बाळंतपणाला तयार होतात. वाचवायचे होते केमोपासून, आणि बाळाला मिळतो तो काचेच्या पेटीतला महिना.

मात्र सगळे आलबेल आहे असेही मी म्हणणार नाही. आमांत यांच्याच अभ्यासातील अशी 132 मुले सहाव्या वर्षी तपासली गेली, त्याचा अहवाल 2020 मध्ये आला. एकूण बुद्ध्यांकात फरक नव्हता, पण भाषेशी संबंधित गुण थोडे कमी होते आणि केमोतून गेलेल्या मुलांचा खालचा रक्तदाब थोडा वर होता. सिस्प्लॅटिनमुळे ऐकू कमी येऊ शकते, आणि हे औषध गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर वापरतात, जो आपल्या बायकांत काही दुर्मीळ नाही. म्हणजे ही मुले घाबरण्यासारखी नसली तरी लक्ष ठेवण्यासारखी नक्कीच आहेत. आणि इथेच आपली व्यवस्था कोरी आहे.

माता व बाल संरक्षण कार्ड उघडून पाहा. लसींचे रकाने, वजनाचा आलेख, त्यात हिरवा, पिवळा, केशरी पट्टा. गरोदरपणाच्या कितव्या आठवड्यात आईला कोणते औषध गेले, हे लिहायला रकाना नाही. देशातली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईत 1963 मध्ये सुरू झाली. अशा नोंदणीत आई सापडेल, पण मूल आजारी नसल्याने ते कुठेच नाही. चौथीत गेल्यावर शाळेतल्या बाई तक्रार करतात की मूल हाक मारली तरी बघत नाही, तेव्हा आईच्या सलाईनचा आणि त्याच्या कानाचा संबंध कोण लावणार?

नवी योजना काढा असे मी म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्याच पालघरला झाली. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते, वयाच्या 18 वर्षांपर्यंत मुले तपासते, गरज पडली तर वर पाठवते. (तळेगावच्या बाजूला खासगी इंग्रजी शाळेत जाणारी मुले यातून सुटतात, ही जुनीच खंत.) या पथकाच्या यादीत अशी मुले घ्या. त्यांचे कान तपासा, रक्तदाब मोजा, ठरावीक वर्षांनी हृदयाची सोनोग्राफी करा. गरोदरपणात कॅन्सर निघण्याचे प्रमाण हजार गरोदरपणांमागे साधारण एक, असा अंदाज जगभर धरतात. त्या हिशेबाने एका तालुक्याच्या वाट्याला मोजकीच मुले येतील, तेव्हा खर्चाचे कारण पुढे करू नये.

एक काळजी मात्र घ्या. आपल्याकडे आईचा कॅन्सर लपवतात, पुढे मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून. ही नोंद अंगणवाडीच्या उघड्या रजिस्टरात जाऊ नये, ती पथकातील डॉक्टरांकडेच राहावी.

आणि केमो देणाऱ्या रुग्णालयांनी आईच्या डिस्चार्ज कार्डाबरोबर एक कागद बाळाच्या नावाने द्यावा. औषधाचे नाव, मात्रा, गरोदरपणाचा आठवडा. एवढे लिहायला वरून आदेश येण्याची गरज नाही.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, वराळे, ता. मावळ, जि. पुणे